१९७८ च्या पद्मिनीसाठी कोणते इंजिन घ्यावे आणि ते ट्यून कसे करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी साताऱ्यात आपल्याकडे आली आहे. पत्रा चांगला आहे, कागदपत्रे चालू आहेत. परंतु इंजिन निळा धूर सोडते, पाचशे किलोमीटरला जवळजवळ लिटरभर तेल खाते आणि पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर येत नाही. एका मेकॅनिकने मारुती एस्टीमचे १३०० सीसीचे इंजिन बसवून देण्याची तयारी दाखवली आहे, दुसऱ्याने मुंबईतल्या कुर्ल्याच्या बाजारातून प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीचे इंजिन आणू असे सुचवले आहे, आणि घरच्यांचे म्हणणे मूळचेच इंजिन ठेवावे असे आहे. महिन्यातून एखादी पुण्याची फेरी आणि वर्षातून काही वेळा चौघांना घेऊन महाबळेश्वर, एवढी आपली अपेक्षा आहे.

या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आत्ताचे इंजिन थकले आहे की ते मुळातच आपल्या कामाला कमी पडते, हे आधी ठरवायला हवे. थकलेल्या इंजिनाची गाडी चालवून त्या इंजिनाच्या ताकदीबद्दल मत बनवता येत नाही. ज्यांनी पिस्टनभोवतीच्या घसलेल्या रिंगा आणि प्लगांना करंट वाटणाऱ्या खिळखिळ्या डिस्ट्रिब्यूटरचीच पद्मिनी चालवली आहे, त्यांना ही गाडी घाटात चढत नाही असे मनापासून वाटते. तीच गाडी नीट बांधलेल्या इंजिनासह चौघांना घेऊन पसरणीचा घाट तिसऱ्या आणि दुसऱ्या गिअरवर, उकळल्याशिवाय, संथपणे पण खात्रीने चढते. ती वेगाने चढत नाही, हेही तितकेच खरे. आणि आपल्याला वेगच हवा असेल तर पुढचे उत्तर बदलते.

म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे. इंजिन गरम असावे, चारही प्लग काढलेले असावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि बॅटरी चांगली चार्ज झालेली असावी. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी आकडे फसवतात. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून ठेवावेत आणि मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावेत. तेलानंतर आकडा ठळकपणे वाढला तर गळती रिंगांतून आणि बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरून, आहे. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या थराकडे) पाहावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचेच आकडे पडलेले असतील, तर त्या दोघांमधले गॅस्केट गेल्याची दाट शंका घ्यावी. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल तर इंजिन उघडावे लागणार, हे धरून चालावे. धूर कधी येतो हेही पाहावे. उतारावर पाय काढून थोडा वेळ गाडी जाऊ दिली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला, तर बहुधा वॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून, तेल उतरते आहे. आणि ते काम हेडपुरते, म्हणजे बरेच स्वस्त असते.

आता मूळ इंजिनाबद्दल. पद्मिनीचे इंजिन हे फियाट ११०० चे १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) असलेले इंजिन आहे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, वॉल्व्ह पुशरॉडने चालणारे, क्रँकला (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीन मेन बेअरिंगे आणि ताकद साधारण ४० अश्वशक्ती. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून हीच गाडी बांधली, आणि उत्पादन या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने तर तिला २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर ठेवले. एवढा दीर्घ काळ एकच इंजिन चालल्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि गॅस्केटे आजही शोधल्यावर मिळतात, आणि हे काम हातात बसलेले कारागीर मुंबईत, पुण्यात आणि आपल्या जवळच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून आहेत. कोणत्याही जुन्या गाडीच्या बाबतीत सुटे भाग आणि माणसे ही दोन्ही एकत्र मिळणे ही मोठी गोष्ट असते, आणि निवड करताना मी तिला अश्वशक्तीपेक्षा अधिक वजन देतो.

या इंजिनात पैसे कुठे घालावेत हे सांगतो, कारण ‘फुल इंजिन काम’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या प्रतीची कामे होतात. ब्लॉक हाताला लागल्यावर आम्ही आधी बोअर डायल गेजने मोजतो: वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने व तिला आडवे. जुन्या पद्मिनीच्या बोअरमध्ये रिंगांचा प्रवास जिथे संपतो, तिथे वरच्या कडेजवळ नखाला लागेल असा ओठ तयार झालेला असतो. तो ओठ तसाच ठेवून नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर वरची रिंग त्यावर आपटून तुटते, किंवा लंबगोल झालेल्या बोअरमध्ये कधी बसतच नाही, आणि काही महिन्यांत धूर परत येतो. त्यामुळे पुढच्या साइजला बोअरिंग करून, मिळालेले पिस्टन प्रत्यक्ष मोजून, त्या पिस्टनप्रमाणे होनिंग (शेवटचे बारीक घासकाम) करून घेणे हाच मार्ग आहे. पिस्टन हातात येण्यापूर्वी बोअर मारू देऊ नये. डब्यावरचा साइज आणि आतल्या पिस्टनचे माप यांत तफावत निघते, आणि होनिंगचा शेवटचा हात त्या मापावरच फिरायला हवा. ब्लॉक आधीच शेवटच्या साइजपर्यंत गेलेला असेल तर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, मारून तो स्टँडर्डला आणता येतो. त्यात कमीपणा नाही, फक्त स्लीव्ह मारणारा कारागीर भरवशाचा हवा.

हेडकडे अधिक काळजीने पाहावे. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरल्यामुळे ॲल्युमिनियमच्या हेडची पाण्याची भोके कुरतडलेली निघतात. भोकाची कड गॅस्केटच्या कड्यापर्यंत खाल्ली गेली असेल, तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासून, ती नाहीशी होत नाही. तिथे ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करून मग फेसिंग करावे लागते किंवा दुसरे हेड शोधावे लागते. प्रत्येक फेसिंगबरोबर ज्वलनकक्ष लहान होऊन कॉम्प्रेशन रेशो वाढतो, त्यामुळे हेड आधी कितीदा घासले गेले आहे याचा अंदाज जाडी मोजून घ्यावा. वॉल्व्ह गाइड नवे घातले तर वॉल्व्ह ज्यावर मिटतो ती सीट पुन्हा कापावीच लागते, कारण नव्या गाइडचा मध्य आणि जुन्या सीटचा मध्य जुळत नाही. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याआधी बांधलेल्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीटा मऊ असतील तर त्या हळूहळू बुडतात आणि टॅपेटची (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली) फट आपोआप कमी होत जाते. हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्टला कडक सीटा बसवून घ्याव्यात. हा खर्च पुन्हा करावा लागत नाही.

एवढे काम नीट झाल्यावर आपल्याला कारखान्यातून आली तशी गाडी मिळते: सपाटीवर ७० ते ८० च्या वेगाने निवांत चालणारी, घाटात संयम मागणारी. एसी मात्र या इंजिनावर बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ४० अश्वशक्तीतून कॉम्प्रेसरने दोन-तीन काढून घेतल्या आणि रेडिएटरसमोर कंडेन्सर उभा राहिला, की एप्रिल-मेमध्ये घाटात काय होते हे मी पुरेसे पाहिले आहे.

दुसरा पर्याय ११८ एनईच्या इंजिनाचा. प्रीमियरने १९८५ मध्ये आणलेल्या त्या गाडीत निसानचे ए१२ इंजिन होते: ११७१ सीसी, ७३ मिलिमीटर बोअर, ७० मिलिमीटर स्ट्रोक, पाच मेन बेअरिंगे आणि साधारण ५० अश्वशक्ती. कागदावर फरक दहा अश्वशक्तीचा दिसतो. चालवताना तो अधिक जाणवतो, कारण स्ट्रोक आखूड आणि क्रँकला आधार पाच ठिकाणी असल्यामुळे हे इंजिन वरच्या आरपीएमला कुरकुर न करता फिरते. ते मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीसाठीच उभे बसवलेले होते, त्यामुळे स्वतःच्या गिअरबॉक्ससह ते पद्मिनीत बसवणे हे समजण्यासारखे काम आहे. माउंटिंगे नवी करावी लागतात, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते, गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली फ्लोअरवर येतो आणि एक्झॉस्टचा पाइप नव्याने वळवावा लागतो. या अदलाबदलीत गाडीचा स्वभाव फारसा बिघडत नाही, आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक चांगल्या अवस्थेत असतील तर तेही या इंजिनाला पुरतात. अडचण वेगळीच आहे. ११८ एनई मुळात पद्मिनीच्या तुलनेत कमी विकली गेली, त्यामुळे आज बाजारात येणारे प्रत्येक इंजिन जुने आणि वापरलेले असते, आणि तेही बहुधा बोअर-क्रँकचे काम मागणारेच निघते. म्हणजे आपण दुरुस्तीचा खर्च टाळत नाही. तो एका इंजिनावरून दुसऱ्यावर नेतो आणि त्यात बसवण्याचा खर्च वाढवतो.

तिसरा पर्याय, एस्टीमचे इंजिन, सर्वांत आकर्षक वाटतो आणि सर्वांत जास्त काळजी मागतो. मारुतीचे १२९८ सीसीचे इंजिन उत्तम आहे. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमुळे ते हलके आहे, सुटे भाग गावोगाव मिळतात आणि सोळा वॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या) रूपात ते साधारण ८० अश्वशक्ती देते. परंतु एस्टीममध्ये ते आडवे, पुढच्या चाकांसाठी बसवलेले आहे. पद्मिनीत ते उभे करायचे तर याच घराण्यातल्या मारुती जिप्सीचा बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच) आणि गिअरबॉक्स लागतो, आणि सम्प (खालचे तेलपात्र), इनटेक मॅनिफोल्ड, पाण्याच्या नळ्या व डिस्ट्रिब्यूटरची जागा हे सर्व पुढचे क्रॉसमेंबर, स्टिअरिंगच्या दांड्या आणि फायरवॉल यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणूनच हे करायचेच असेल तर एस्टीमचे नव्हे, जिप्सीचे इंजिन गिअरबॉक्ससह संपूर्ण घ्यावे, असे मी सांगतो. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला जोडून नसतो, मध्ये छोटा शाफ्ट देऊन वेगळा बसवलेला असतो. त्यामुळे तो सोडून देऊन गिअरबॉक्समधून थेट मागे प्रॉपेलर शाफ्ट नेता येतो.

या गिअरबॉक्सचा खरा फायदा पाचव्या गिअरमध्ये आहे. पद्मिनीच्या मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरसंचाचे) गुणोत्तर ४.३ आणि १४ इंची टायरचा एका फेऱ्यातला प्रवास सुमारे १.८४ मीटर धरला, तर चौथ्या म्हणजे थेट गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन जवळजवळ ३,१०० आरपीएमने फिरते. पाचवा गिअर सुमारे ०.८ चा मिळाला तर तेच २,५०० च्या आसपास येते. पुणे-सातारा रस्त्यावर कानांना आणि इंजिनाला जो आराम मिळतो तो इथून येतो, आणि अनेकदा लोक त्याचे श्रेय इंजिनाच्या ताकदीला देऊन टाकतात.

किंमत मात्र पुढे मोजावी लागते. मूळच्या दुप्पट ताकद ज्या डिफरन्शियलमधून जाणार, ते ४० अश्वशक्तीसाठी बनवलेले आहे. आमच्याकडे अशी बदललेली एक पद्मिनी आली होती; इंजिन सुरेख चालत होते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरला जोर दिला की मागून घरघर येत होती. डिफरन्शियल उघडल्यावर क्राउन-पिनियनचे दात एका बाजूने चकाकत होते आणि पिनियनची बेअरिंगे सैल झाली होती. त्याच गाडीला ६० च्या पुढे जी थरथर होती तिचे कारण शाफ्टचा कोन होते. गिअरबॉक्सच्या मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन हे बाजूने पाहता एकमेकांना समांतर असावे लागतात, आणि प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटचा कोन लहान, शक्यतो तीन अंशांच्या आत ठेवावा लागतो. इंजिन जागेत बसावे म्हणून मागून वर उचलले की हा हिशेब बिघडतो. ब्रेक तर बदलावेच लागतात. चार ड्रमवर ८० अश्वशक्तीची गाडी महाबळेश्वरहून उतरवणे मला मान्य नाही. एमपीएफआय ठेवायचे असेल तर जास्त दाबाचा पेट्रोल पंप, टाकीकडे परतीची नळी, टाकीत पेट्रोल उसळू नये म्हणून आडव्या पट्ट्या, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) आणि पूर्ण वायरिंग हे सर्व आले. ‘इंजिन बसवून देतो’ एवढ्या वाक्यात यातले काहीच येत नाही, म्हणून आपल्या मेकॅनिकला या प्रत्येक मुद्द्याचा खर्च वेगळा लिहून मागावा.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात, पण गांभीर्याने सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही गोष्ट ठामपणे मांडली आहे. त्याच प्रकारचे, त्याच गाडीचे दुसरे इंजिन घालून आरटीओत इंजिन क्रमांक बदलून घेणे आणि वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या सीसीचे इंजिन घालणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात इंजिन विकत घेण्यापूर्वी आपल्या आरटीओत लेखी विचारणा करावी, आणि नकार आला तर तो विषय तिथेच सोडावा. नोंदणीपुस्तकात नसलेल्या इंजिनासह गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो. जुने इंजिन घेताना पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते काढले तिचे कागद मागावेत. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये.

आणखी एक बाब आपल्या गाडीला विशेष लागू होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यासाठी पात्र ठरते. आपली गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. त्या नोंदणीत रोजच्या वापराला मुभा नसते, प्रदर्शने, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कारणांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते, त्यामुळे आपल्याला ती आज नको असेल. पण आजोबांची गाडी पुढे कधी त्या वर्गात न्यावी असे वाटले, तर मूळ इंजिन बदललेले नसणे महत्त्वाचे ठरेल.

या सगळ्यावरून आपल्या परिस्थितीत माझा सल्ला मूळचे इंजिन नीट बांधून घेण्याचा आहे. ब्लॉकच्या बाहेरून चीर गेलेली निघाली किंवा क्रँक शेवटच्या साइजच्याही पुढे गेलेली असली, तर दुसरे पद्मिनीचेच इंजिन शोधून ते बांधावे. ११८ एनईचे इंजिन मी तेव्हाच सुचवेन, जेव्हा ते कागदांसह आणि गिअरबॉक्ससह एकत्र मिळत असेल आणि आरटीओची संमती हातात असेल. १३०० चे इंजिन ज्यांना गाडी रोज लांब पल्ल्याला, एसीसह चालवायची आहे आणि ब्रेक, डिफरन्शियल, कूलिंग यांवर इंजिनाइतकाच खर्च करायची तयारी आहे, त्यांच्यासाठी आहे. महिन्याची एक पुण्याची फेरी त्या वर्गात बसत नाही.

आता ट्यूनिंग. इथे क्रम पाळणे हेच निम्मे काम आहे: आधी यांत्रिक बाजू, मग करंट, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. बहुतेक ठिकाणी उलटे होते. गाडी मिसिंग करते म्हणून पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूला जातो, आणि पॉइंटचा (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा) दोष मिक्श्चर रिच करून, म्हणजे पेट्रोल वाढवून, झाकला जातो.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलमधल्या मापाच्या फीलर गेजने लावावेत. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी हलत असतात, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा पहिल्याचे टॅपेट लावायचे. पहिल्याचे हलतात तेव्हा चौथ्याचे. दुसरा आणि तिसरा हीदेखील अशीच जोडी. या पद्धतीत चूक होत नाही. नवे हेड गॅस्केट बसवल्यावर काही शे किलोमीटरने बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्कने पुन्हा तपासून टॅपेट परत लावावेत. रॉकर घसलेला असेल तर त्याच्या टोकावर खळगा पडलेला असतो, आणि फीलर गेज त्या खळग्यावरून सरळ जाऊन फसवे माप दाखवतो. असे रॉकर बदलावेत.

करंटच्या बाजूला डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहावा. त्यात खेळ असेल तर पॉइंटची फट प्रत्येक फेरीला बदलते आणि कोणतेही टायमिंग टिकत नाही; नवे बुश घालणे हाच उपाय. मग टायमिंग लाइटने पुलीची खूण पाहावी. स्लोवर, म्हणजे पाय न देता इंजिन मंद फिरत असताना, खूण एका जागी स्थिर हवी. आरपीएम वाढवताच ती ॲडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी लवकर पडण्याच्या, दिशेने एकसारखी सरकली पाहिजे, एका मर्यादेवर थांबली पाहिजे आणि पाय काढताच परत आली पाहिजे. अडखळत सरकली किंवा परत आलीच नाही, तर आतली वजने गंजली आहेत किंवा स्प्रिंग ताणल्या गेल्या आहेत. घाटात ‘पिकअप नाही’ या तक्रारीचे मूळ मला कार्ब्युरेटरपेक्षा इथे जास्त वेळा सापडते. पॉइंटच्या जागी चांगल्या प्रतीचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट घालणे मला मान्य आहे, मात्र जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवावेत, कारण ते रस्त्याकडेला बसूनही बदलता येतात.

कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी आजच्या पेट्रोलचा विचार करावा लागतो. हे इंजिन निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेले होते, ज्याला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पटच हवा लागते. म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे जुने जेट तसेच ठेवले तर मिक्श्चर सुमारे आठ टक्क्यांनी लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते: गाडी सकाळी लवकर पकडत नाही, हलका पाय असताना हेलकावे घेते आणि लांब चढावर जास्त तापते. आठ टक्के अधिक पेट्रोल जाण्यासाठी जेटच्या भोकाचे क्षेत्रफळ तेवढे वाढावे लागते, म्हणजे व्यास सुमारे चार टक्के. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, त्यामुळे १२० चा मेन जेट असेल तर १२५ चा लावून पाहणे हे योग्य पहिले पाऊल आहे. भोक सुईने किंवा तारेने मोठे करण्याचा प्रयत्न कृपया कोणालाही करू देऊ नये. स्लोचा जेटही त्याच प्रमाणात वाढवावा लागू शकतो. याबरोबर पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या, पंपाचा डायाफ्राम आणि फ्लोटची सुई इथेनॉल सहन करणारी घालावी, आणि टाकी आतून धुऊन घ्यावी, कारण इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरमध्ये आणते. पावसाळ्यात गाडी अनेक आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी. मोकळ्या जागेतल्या दमट हवेतले पाणी इथेनॉल ओढून घेते.

फ्लोटची पातळी बरोबर असल्याची खात्री झाल्यावर इंजिन गरम करावे, इनटेकला व्हॅक्यूम गेज लावावा आणि मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू फिरवून सुई सर्वांत वर व सर्वांत स्थिर कुठे राहते ते पाहावे. मग स्लोचा स्क्रू कमी करून तीच क्रिया पुन्हा करावी. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते; साताऱ्याच्या उंचीवर त्यातून दोन-अडीच इंच वजा करावेत. सुई ठरावीक लयीत खाली झटका देत असेल तर एखादा वॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि अशा वेळी स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही.

मेन जेटचा निर्णय मात्र गॅरेजमध्ये होत नाही, तो चढावर होतो. जमत असेल तर एक्झॉस्टमध्ये लॅम्डा सेन्सरसाठी नट वेल्ड करून घ्यावा आणि मीटर लॅम्डाच्या आकड्यात (१ म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर जुळलेले, त्याखाली रिच) वाचावा, कारण तो आकडा इथेनॉलच्या प्रमाणाने बदलत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरवर ०.८६ ते ०.८८ आणि सपाटीवर एकसारख्या वेगाला १ च्या जवळपास मिळाले की जेट बसला असे समजावे. मीटर नसेल तर मोकळ्या चढावर थोडा वेळ पूर्ण जोर देऊन, सुरक्षित जागी क्लच दाबून इंजिन बंद करून, गाडी थांबवून प्लग काढून पाहावेत. सिरॅमिकवर फिकट तपकिरी रंग हवा. पांढरट आणि चमकदार दिसला तर मिक्श्चर लीन आहे, काजळी दिसली तर रिच.

साताऱ्याला जुळवलेला कार्ब्युरेटर उंचीबरोबर थोडा बदलतो हेही ध्यानात घ्यावे. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे हवा विरळ असल्याने मिक्श्चर साधारण तीन टक्क्यांनी रिच होते, आणि कोकणात उतरल्यावर जवळजवळ तितकेच लीन. रिच बाजूची चूक फक्त ॲव्हरेजमध्ये दिसते, पण लीन बाजूची चूक पिस्टन आणि वॉल्व्हवर येते. म्हणून दोन जेटांमध्ये निर्णय होत नसेल तर मोठा जेट ठेवावा.

कूलिंगबद्दल एकच आग्रह. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती टाळावी. त्याने थंडीत इंजिन कधीच पूर्ण गरम होत नाही, मिक्श्चरचे सगळे जुळवणे व्यर्थ जाते आणि बोअर लवकर झिजतो. रेडिएटर उघडून आतून साफ करून घ्यावा, फॅनचा पट्टा पाहावा आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घालावा. ॲल्युमिनियमचे हेड पुन्हा कुरतडले जाऊ नये यासाठी ते आवश्यकच आहे.

इंजिन बांधल्यावर पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने रेंगाळू नये. रिंगा बसण्यासाठी मधून मधून तिसऱ्या गिअरवर मध्यम जोर द्यावा आणि मग पाय काढून गाडी स्वतःहून मंदावू द्यावी. पहिले तेल लवकर, ५०० किलोमीटरच्या आत बदलावे आणि निघालेले तेल उन्हात धरून त्यात चकाकी किती आहे ते पाहावे.

आपण कॉम्प्रेशनचे कोरडे आणि तेल घातल्यानंतरचे असे आठही आकडे, गरम इंजिनावर स्लोला व ८० च्या वेगाला तेलाचा दाब किती राहतो, आणि ब्लॉक आधी कोणत्या साइजला बोअर झाला आहे हे कळवले, तर हेडपुरते काम पुरेल की पूर्ण इंजिन उतरवावे लागेल हे मी अधिक खात्रीने सांगू शकेन. तोपर्यंत कोणत्याही इंजिनासाठी आगाऊ रक्कम देऊ नये.